लिहिणारी आई, टबात पडलेलं मूल: दोमिएचं हे पान अस्सल आहे का, आणि भिंतीवर लावावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सासऱ्यांच्या सामानात तुम्हाला काचेच्या फ्रेममधलं एक जुनं फ्रेंच चित्र मिळालं. टेबलाशी लिहिण्यात गढलेली बाई, टबात डोक्यावर पडलेलं मूल, माथ्यावर ‘ले बा-ब्ल’ ही अक्षरं, कोपऱ्यात ७ हा आकडा. ते अस्सल आहे का आणि त्याची किंमत काय, हे तुम्ही विचारलंत. शेवटी एक ओळ जोडलीत: पत्नी स्वतः लिहितात, त्यांना हे चित्र भिंतीवर नको आहे, आणि ‘गरिबांची बाजू घेणारा चित्रकार असं कसं काढतो?’ असं त्या विचारतात.

मी जुन्या छापील कागदांच्या जतनाचं काम करते. लोक माझ्याकडे पहिल्या दोन प्रश्नांसाठी येतात. तुमच्या पत्नींचा प्रश्न त्या दोन्हींपेक्षा मोलाचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देणार आहे. पण तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणाहून निघतात: तुमच्या हातात बहुधा वर्तमानपत्राचं पान आहे, आणि त्याच्याकडे वर्तमानपत्राचं पान म्हणूनच पाहायला हवं.

चित्र ओळखणं सोपं आहे. ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) याच्या ‘ले बा-ब्ल’ मालिकेतलं हे सातवं चित्र. मालिका पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या दैनिकात १८४४ च्या जानेवारीअखेरीपासून ऑगस्टपर्यंत येत होती, एकूण ४० चित्रं. बा-ब्ल म्हणजे निळे मोजे. लिहित्या-वाचत्या बायकांना हिणवायचं हे नाव फ्रान्समध्ये इंग्लंडहून आलं. खालच्या ओळीचा अर्थ साधारण असा: आई लेखनाच्या धगीत, पोर टबाच्या पाण्यात. दोमिएच्या शिळाछाप चित्रांची लोइस देल्तेय यानं केलेली यादी १९२५ ते १९३० या काळात दहा खंडांत निघाली. तिच्यात जवळजवळ चार हजार चित्रं आहेत आणि हे १२२७ क्रमांकाचं. लिलावाच्या यादीत कुठे ‘देल्तेय १२२७’ असं दिसलं, तर ते हेच.

आता अस्सलपणा. तैलचित्राला एकच मूळ प्रत असते, तसं इथे नाही. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या तुम्ही पाहिल्या असतील, तंत्र तेच. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्रकार तेलकट खडूनं थेट, उलटं चित्र काढतो. मग दगडावर सौम्य आम्ल आणि डिंकाचं पाणी फिरवतात. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते, खडूची रेघ पाणी झटकते आणि तेलकट शाई फक्त रेघेवर बसते. कागद ठेवून दाबला की छाप तयार. म्हणजे दोमिएच्या हातची रेघ मधल्या कुणा खोदकाऱ्याशिवाय कागदावर उतरते. त्या दगडावरून त्या काळी निघालेली प्रत्येक प्रत अस्सलच, आणि अशा प्रती पुष्कळ निघत.

त्यामुळे ‘अस्सल की नक्कल’ एवढं विचारून भागत नाही, तुमची प्रत कोणत्या जातीची आहे ते पाहावं लागतं. पहिली जात रोजच्या अंकातल्या पानाची. शारिवारी चार पानांचा असे आणि चित्र सहसा तिसऱ्या पानावर. म्हणून त्याच्या पाठीवर चौथ्या पानाचा मजकूर असतो, बऱ्याचदा जाहिराती. चित्र दगडावरून आणि मजकूर खिळ्यांवरून (जुळवलेल्या धातूच्या अक्षरांवरून), असा तोच कागद दोन वेगवेगळ्या यंत्रांतून जाई. दुसरी जात जाड, पांढऱ्या कागदावर वेगळ्या काढलेल्या प्रतींची. या अल्बमसाठी किंवा दुकानात सुट्या विकायला असत आणि त्यांची पाठ कोरी असते. संग्राहक त्यांना ‘सूर ब्लाँ’ म्हणतात. छाप जास्त स्वच्छ, संख्या कमी, म्हणून किंमत जास्त. तिसरी जात नंतरच्या नकलांची. विसाव्या शतकात दोमिएच्या मालिकांची मोठ्या आकाराची चांगली पुस्तकं निघाली. त्यांतली पानं सोडवून फ्रेम केलेली मी अनेकदा पाहते. विकणाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, असंही होतं.

ही तिसरी जात ओळखायला जवाहिऱ्याचं दहापट भिंग पुरतं. बाईच्या कपड्यांवरची किंवा भिंतीवरची करडी सावली पाहा. खऱ्या शिळाछापात खडूचे कण वेडेवाकडे, लहानमोठे आणि काळेभोर दिसतात. करडा रंग तिथे नसतोच, काळ्या कणांच्या दाटीविरळीनं तो भासतो. एका ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर ते यंत्रावरचं पुनर्मुद्रण आहे, पुढे शोध घेऊ नका. दाण्यांऐवजी बारीक सुरकुत्यांची जाळी दिसली, तर ती फोटोवरून केलेली जुनी, चांगल्या दर्जाची नक्कल असू शकते. तिथे मात्र अनुभवी डोळा लागतो. फोटोवरून यातलं मी काहीच ठरवत नाही. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच ठिपके घालतो आणि पुसतो.

तुमच्या चित्राच्या मागे पुठ्ठा चिकटवलेला आहे आणि कुणीतरी ‘पाणी लावून सोडवा’ असं सुचवलंय. कृपा करून ते करू नका. मजकुराची शाई, जुना गोंद, पुठ्ठ्यातून उतरलेला पिवळेपणा, हे सगळं पाण्याबरोबर चित्रात शिरतं आणि डाग पडले की ते काढणं मूळ कामापेक्षा अवघड असतं. पाठ न उघडताही तिचा अंदाज घेता येतो. फ्रेम पाठीमागून उघडून चित्र काचेतून बाहेर काढा. मात्र कागद काचेला चिकटलेला वाटला तर तिथेच थांबा. संध्याकाळी खोलीत एकच दिवा कागदाच्या कडेला, अगदी आडवा धरा. खिळ्यांच्या छपाईचा दाब कागदाला उठाव देतो, आणि कोऱ्या समासात मागच्या ओळींचे उंचवटे उलट्या अक्षरांत दिसू शकतात. शाईही थोडी झिरपलेली असते.

तशी अक्षरं दिसली, तर पुढची तपासणी घरबसल्या होते, आणि माझ्या मते तीच सर्वांत खात्रीची. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर शारिवारीचे जुने अंक पानोपान पाहायला मिळतात. १८४४ च्या फेब्रुवारीचे अंक उघडा, हे चित्र शोधा आणि त्या दिवशीचं चौथं पान तुमच्या समासात दिसलेल्या अक्षरांशी ताडून पाहा. जुळलं, तर नक्कल करणाऱ्यानं पाठीवरच्या जाहिरातीही नेमक्या जागी खिळ्यांनी छापल्या असतील, ही शक्यता धरायचं कारण उरत नाही. चित्राखालची बारीक अक्षरंही वाचा. ओबेर या प्रकाशकाचं नाव आणि बूर्स चौकाचा पत्ता असेल तर ते त्या वर्षाशी सुसंगत आहे.

रंगाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे चित्र काळंपांढरं असावं. तसंच असेल तर उत्तम. पाठीवर मजकूर असलेली पानं मुळात काळीपांढरीच विकली जात; रंगीत दिसली तर बहुतेक वेळा तो रंग नंतर कुणीतरी भरलेला असतो.

किमतीचा आकडा मी देणार नाही, कारण तो कागदाची जात, समास कापलेत की शाबूत आहेत, डाग, घड्या आणि विषय यांवर फिरतो. वर्तमानपत्राची पानं युरोपात अजूनही मध्यमवर्गीय संग्राहकाच्या आवाक्यातली आहेत, एवढं समजून चला. दोमिएची वकील-न्यायाधीशांवरची चित्रं सर्वाधिक मागणीत असतात, कारण ती कचेऱ्यांत लावायला जगभरचे वकील विकत घेतात. तुमचं पान त्या रांगेत येत नाही. विकून मोठी रक्कम येईल अशा हिशेबानं पाहू नका.

थोडक्यात, भिंग आधी, आडवा दिवा नंतर, मग गालिका. तिन्हींत उत्तीर्ण झालं तर पान १८४४ चं आहे असं मी मानेन.

आता तुमच्या पत्नींचा प्रश्न. दोमिए गरिबांची बाजू घेणारा चित्रकार होता, हे खरं आहे. १८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला, छापण्याचं स्वातंत्र्य जाहीर झालं आणि शार्ल फिलिपाँ या संपादकानं त्या स्वातंत्र्याची कसोटी घ्यायला सुरुवात केली. राजाचं डोकं हळूहळू नासपतीचा आकार घेतं, हे त्यानं कोर्टातच चित्रं काढून दाखवलं. तेवीस वर्षांच्या दोमिएनं १८३१ च्या डिसेंबरात ‘गार्गांतुआ’ काढलं. अवाढव्य राजा खुर्चीवर बसलाय, गरिबांकडून उकळलेली नाणी फळीवरून त्याच्या तोंडात चढतायत आणि खालून मर्जीतल्या लोकांसाठी मानमरातब बाहेर पडतायत. या चित्रापायी त्याला सहा महिन्यांची कैद झाली आणि १८३२ मध्ये तो सेंत-पेलाजीच्या तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर १८३४ मध्ये त्यानं त्रांस्नोनँ रस्त्यावरच्या हत्याकांडाचं चित्र केलं. सैनिकांनी एका घरात घुसून मारलेलं कुटुंब, रात्रीच्या सदऱ्यात खाली पडलेला बाप, त्याच्या अंगाखाली लहान मूल. त्या चित्रात व्यंग नाही, आरडाओरडा नाही. शिळाछापात याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही.

मग १८३५ आला. जुलैत फिएस्की नावाच्या माणसानं राजावर हल्ला केला. राजा वाचला आणि सप्टेंबरात नवे कायदे आले. लिखित मजकुराला आधी परवानगी लागणार नव्हती, चित्राला मात्र लागणार होती. सरकारचा युक्तिवाद असा की शब्द म्हणजे मत, पण चित्र थेट डोळ्यांशी बोलतं आणि कृतीच्या जवळ जातं. राजकीय व्यंगचित्राचा रस्ता जवळजवळ तेरा वर्षं बंद झाला. शारिवारीला तर रोज चित्र हवं होतं. राजा नको, मंत्री नकोत, फौज नको. उरलं काय? शेजारी, भाडेकरू, घरमालक, डॉक्टर, नदीत पोहणारे, आगगाडीतले प्रवासी, नवरा-बायको आणि लिहिणाऱ्या बायका. तुमच्या हातातलं पान या बंदीच्या काळात जन्मलेलं आहे. ‘दैनंदिन जीवनावरचं मिश्कील चित्र’ असं त्याचं वर्णन नेहमी करतात, पण तो विषय संपादकानं आणि चित्रकारानं मोकळ्या मैदानात निवडलेला नव्हता.

त्या सगळ्या विषयांना दोमिए सारखा वागवत नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरी गोम इथे आहे. पोरवयात त्यानं एका बेलिफाकडे निरोप्याचं काम केलं होतं, कोर्टाचे व्हरांडे त्यानं जवळून पाहिले होते. वकिलांवरच्या मालिकेत तो काळ्या झग्यातल्या बलवान माणसांवर तुटून पडतो आणि हरलेल्या विधवेपाशी त्याची रेघ थांबते. ‘रोबेर माकेर’ मालिकेतला लफंगा कधी बँकर, कधी वकील, कधी कंपनीचा प्रवर्तक होतो, आणि पैशानं पछाडलेलं अख्खं पॅरिस त्यात सापडतं. तिथे त्याचा बाण वरच्या दिशेनं जातो.

बा-ब्लमध्ये तो खाली येतो. १८४४ ची फ्रेंच बाई कायद्यापुढे कोण होती? १८०४ च्या नागरी संहितेनुसार बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळायची होती. मालमत्तेचे व्यवहार त्याच्या संमतीशिवाय करता येत नसत. घटस्फोट १८१६ मध्ये रद्द झाला होता आणि १८८४ पर्यंत परत आला नाही. मताचा प्रश्नच नव्हता. तरीही बायका लिहीत होत्या आणि लिहिण्यावर जगतही होत्या. जॉर्ज सांद नवऱ्यापासून कायद्यानं वेगळी होऊन देशातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या लेखकांत गणली जात होती, आणि तिलाही पुरुषी नाव घ्यावं लागलं होतं. देल्फीन द जिरार्दँ ‘ला प्रेस’ या दैनिकात पुरुषी टोपणनावानं पॅरिसची वार्तापत्रं लिहीत होती. फ्लोरा त्रिस्ताननं १८४३ मध्ये कामगारांच्या संघटनेवर पुस्तक छापलं होतं. या बायकांच्या हातात कायदा नव्हता, पोलीस नव्हते, पैसाही फारसा नव्हता. लेखणी होती, आणि चित्र नेमकं त्या लेखणीवर येतं.

चित्रात एक माणूस नाही, तो शोधा. बाप कुठे आहे? मूल टबात पडलं तर दोष कुणाचा, हे चित्रकारानं आधीच ठरवून टाकलंय आणि पाहणाऱ्यानंही ते ठरवूनच हसावं अशी मांडणी केली आहे. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका चित्रात बाप आहे. तिथे लिहिणारी बायको त्याला रडणारं मूल घेऊन बाहेर फिरायला पाठवते, आणि येताना दुधाची नवी बाटली आणायला सांगते. बापानं मूल सांभाळणं हाच तिथला विनोद. म्हणजे बाप नसला तर आई गुन्हेगार, बाप असला तर बाप हास्यास्पद. दोन्ही वेळा बाईचं लिहिणं हेच संकटाचं मूळ. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाची टिंगल करणारी जी प्रहसनं निघाली, त्यांतही शिकलेली बाई आणि उपाशी रडणारं पोर अशी जोडी भेटते. तुमच्या पत्नींना जे खटकलं ते त्यांच्या मनाचे खेळ नाहीत.

दोमिएच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. चित्राखालच्या ओळी सहसा तो लिहीत नसे. त्या कार्यालयातले दुसरे लोक लिहीत. ही ओळ कुणाची, याचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. पण टब त्यानंच काढला आणि मुलाचे पाय त्यानंच हवेत केले. शिवाय १८४८ मध्ये क्रांती होऊन राजा गेला, बंदी उठली, तेव्हाही तो याच वाटेवर राहिला. घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या बायकांवर आणि पुढच्या वर्षी समाजवादी बायकांवर त्यानं चित्रं केली. तेव्हा ‘बंदी होती म्हणून’ हे उत्तर मालिका सुरू का झाली ते सांगतं, तो तिथे रमला का ते सांगत नाही. ज्या प्रजासत्ताकासाठी तो तुरुंगात गेला, त्यात बाई नागरिक म्हणून त्याला दिसत नव्हती. शारिवारी वाचणाऱ्या बहुतेक पुरुषांनाही दिसत नव्हती, आणि चित्र त्यांच्यासाठी होतं.

आणि तरीही रेघ पाहा, असं मी म्हणेन. खडूची धार कुठे दाबली, कुठे नुसती फिरवली, लिहिणाऱ्या बाईच्या पाठीत किती एकाग्रता आहे. हसू तिच्यावर रोखलेलं असूनही तिचं गढून जाणं त्यानं खोटं काढलेलं नाही. मला वाटतं, चित्रकार म्हणून त्याचा प्रामाणिकपणा त्याच्या मतापेक्षा मोठा होता. फ्रेंच कवी बोदलेअरनं १८५७ मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवरच्या लेखात त्याला आधुनिक कलेतल्या थोर माणसांत बसवलं, ते उगाच नाही.

आपला शारिवारीशी थोडा जुना धागाही आहे. लंडनचं ‘पंच’ १८४१ मध्ये निघालं ते ‘लंडन शारिवारी’ असं उपशीर्षक लावून, आणि त्या पंचच्या धर्तीवर मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ सुरू झालं, पुढे ‘हिंदी पंच’. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या व्यंगचित्रांचा एक पूर्वज तुमच्या फ्रेममध्ये आहे.

भिंतीवर लावायचं का? घरात लिहिणारी व्यक्ती ‘नको’ म्हणत असेल तर मी लावणार नाही. चित्र फेकायचंही नाही. माझ्या मते याची योग्य जागा फाइल आहे, आणि तिला कागदाचंही कारण आहे. तुम्ही ठाण्यात राहता. पावसाळ्यातली आर्द्रता, बाहेरच्या भिंतीची ओल, फ्रेममागे जमणारी बुरशी आणि कागदाच्या पृष्ठभागाची खळ खाणारी कसर, हे चारही शत्रू भिंतीवरच्या फ्रेमला सहज गाठतात. १८४४ चा कागद बहुतांशी चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून तो नंतरच्या लाकडी लगद्याच्या वर्तमानपत्रांपेक्षा टिकाऊ असतो. त्याला जास्त पिवळं करतो तो मागचा आम्लयुक्त पुठ्ठा. तो काढायलाच हवा, पण कोरड्या पद्धतीनं, थराथरानं, जाणकाराच्या हातून. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करा, किंवा त्यांच्याकडून योग्य माणसाचं नाव घ्या. तोवर आम्लविरहित कागदाच्या घडीत, आडवं, कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नाही, सेलोटेप तर अजिबात नाही.

लावायचंच ठरलं, तर आतल्या, कोरड्या भिंतीवर, उन्हापासून लांब, काच आणि कागद यांच्यात माउंटचं अंतर ठेवून. दिवा मंद, पन्नास लक्सच्या आसपास, आणि वर्षातून काही महिनेच. पावसाळ्यात उतरवून ठेवा.

जाणकार पुठ्ठा काढेल तेव्हा तिथे हजर राहा आणि पाठीचा फोटो काढून घ्या. चौथं पान सापडलं तर त्यावरच्या जाहिरातीही वाचून घ्या, पत्नींनाही दाखवा. हा अंक विकत घेणाऱ्या लोकांना काय विकलं जात होतं, ते तिथे छापलेलं असेल.